जब्बारचाचांची लिंबूपिवळी

लोणखेड्याच्या भाग्येश पाटलाकडे खूप पाली आहेत, हे शेजारच्या शहाद्यात पहिल्यांदा पसरलं तेव्हा लोकांना वाटलं, घराला चुना लावून बरीच वर्षं झाली असतील. मग कळलं की तो त्या पाळतो. तेव्हा मात्र काहींनी त्याच्या वडिलांना, झिपरूनानांना, रस्त्यात थांबवून पोराचं लग्न लवकर उरकून टाकायचा सल्ला दिला.

पोरगा तसा कामाचा होता. पुण्याला शेतीची पदवी घेऊन तो गावी परतला, घराला लागूनच्या मळ्यात जाळीचं शेड उभारलं आणि पपईच्या रोपांची नर्सरी सुरू केली. दोन-तीन हंगामांत शहादा, तळोदा, अक्कलकुव्यापर्यंत त्याची रोपं जाऊ लागली. पाली हा त्याचा पुण्याच्या होस्टेलमधला नाद. खोलीतल्या मित्राकडे एक लेपर्ड गेको होती. ही आपल्या भिंतीवरची पाल नव्हे. ही भिंतीवर चढतच नाही, जमिनीवर डुलत डुलत चालते. शेपूट मुळ्यासारखं जाड, अंगावर ठिपके, आणि पापण्या मिटून झोपते. तोंडाची ठेवण अशी की सदा हसल्यासारखी वाटते. भाग्येशने तिथूनच एक जोडी आणली, सरकारी नोंदणी केली आणि नर्सरीशेजारच्या खताच्या खोलीत काचेच्या पेट्या मांडल्या.

"लोके पाल दिसनी का झाडू लेतस," नाना म्हणाले, "आनि हाऊ तिले गरम गादी देस."

पेटीखाली खरंच विजेवर तापणारी गादी होती. थंडीत ती लागते.

हळूहळू नादाचा रंग बदलला. नुसती पाळण्यात मजा राहिली नाही, भाग्येशला रंगांचं वेड लागलं. कोणत्या नराला कोणती मादी दिली तर पिल्लं कशी निघतील, याचा तो जेवतानाही विचार करायचा. काही रंग दडून राहतात. आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिल्लात उमटतात, नाहीतर पिढ्यान्पिढ्या पत्ता लागत नाही. काही रंग मात्र एकाकडून आले तरी पुरे. असाच एक रंग त्याने बंगळुरूच्या एका माणसाकडून मिळवला. लेमन फ्रॉस्ट म्हणतात त्याला. नर होता. अंगावर हळद ओतल्यासारखा पिवळा, आणि पोट, डोळे असे पांढरे चमकदार की पेटीत आरसा ठेवलाय असं वाटावं. त्याच्यापासून होणारी निम्मी पिल्लं तशीच झळझळीत निघायची.

या रंगाच्या जनावरांना पुढे अंगावर गाठी येतात, असं त्याच्या वाचनात आलं होतं. परदेशातल्या पाळणाऱ्यांनी तसं लिहिलं होतं, काहींनी तर हा वाण बंद करा म्हणून हात जोडले होते. भाग्येशने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. पपईचा नवा वाण आणला तेव्हाही जुन्या लोकांनी नावं ठेवली होती, असं त्याने स्वतःला समजावलं. शिवाय त्याचा नर तेव्हा ठणठणीत होता. पुण्या-मुंबईची पोरं फोन करून विचारायची, "लोणखेड्याचा लेमन म्हणजे तुम्हीच ना?" ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

जब्बारचाचा त्याच्या लहानपणापासून घरी येत. पिंजारी होते, राहणार अक्कलकुव्याचे. पण बायकोचं, नईमाचाचीचं, माहेर शहाद्याचं. त्यामुळे दर हिवाळ्यात दोघं शहाद्याला मुक्कामाला येत आणि चाचा ओळखीच्या घरांच्या गाद्या-रजया करून देत. कापूस मेव्हण्याच्या दुकानातल्या मशीनवर पिंजून आणायचा, आणि भरायचं, टाके घालायचं काम गिऱ्हाइकाच्या अंगणात. पाटलांकडे काम असलं की चाचीही बरोबर येई. चाचा टाके घालत, आणि चाची भाग्येशच्या आईजवळ, प्रमिलाबाईंजवळ, शेंगा फोडत बसे. दोघींचं सगळं बोलणं एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल असे, आणि दोघी खूप हसत.

अशाच एका हिवाळ्यात काम आटोपल्यावर चाचा हात झटकत खताच्या खोलीच्या दारात उभे राहिले. भुवयांवर कापसाचे तंतू चिकटले होते. एका पेटीत बोटाएवढं पिवळं पिल्लू मान वर करून त्यांच्याकडेच बघत होतं.

"भाऊ, हाई सोनानी शे का?"

"सोनानी नही चाचा, जित्ती शे."

चाचा खाली बसले ते बसूनच राहिले. पिल्लाचे आईबाप कसे होते ते त्यांनी विचारलं. बाप पिवळा, आई साधी ठिपक्यांची, असं भाग्येश म्हणाला. मग मायचा रंग कुठे गेला, असं चाचांनी विचारलं, आणि भाग्येशने त्यांना दडणाऱ्या आणि न दडणाऱ्या रंगांची गोष्ट सांगितली.

"मन्ही आजीना डोया घारा व्हतात," चाचा विचार करून म्हणाले. "मन्हा बापना काया, मन्हा काया. आनि मन्ही रिम्शाना एकदम घारा. लोके ईचारेत, कोनावर गयी?"

"तो दडनारा रंग, चाचा. दोन्हीकडथून येवाले पाहिजे. चाचीना घरमां बी कोनी घारं व्हई."

"शे ना! तिना मामा!" चाचा मोठ्याने हसले, आणि अंगणात बसलेल्या बायकोला ओरडून सांगितलं की रिम्शाच्या डोळ्यांचा चोर सापडला.

ही रिम्शा त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन अंकलेश्वरला गेलेली. अक्कलकुव्याच्या घरात दोघंच उरली होती. फोमच्या गाद्या आल्यापासून कामही पूर्वीइतकं राहिलं नव्हतं. चाचा त्या पिल्लाकडे ज्या नजरेने बघत होते ती बघून भाग्येशच्या मनात आलं, हे यांना द्यावं. सगळ्यांत चांगल्या रंगाचं होतं ते, पुण्याचा एक जण केव्हापासून मागत होता. त्याने ते चाचांच्या हातावर ठेवलं. पेटी दिली, गादी दिली, कोंड्यात वाढणाऱ्या अळ्यांचा डबा दिला.

आणि ओला डबा करायला शिकवला. ही जनावरं महिना-दीड महिन्याने कात टाकतात आणि ती खाऊनही टाकतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कात नीट सुटत नाही, बोटांच्या टोकाला आवळून बसते आणि बोटं झडतात. म्हणून पेटीत एक ओलसर, अंधारी जागा लागते. भाग्येशने श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, बाजूला तापल्या सळईने भोक पाडलं, भोकाची कड घासून मऊ केली आणि आत नर्सरीतला भिजवलेला कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरला.

"मूठमां दाबी देखा," तो म्हणाला. "थेंब पडाले नको. पन हात ओला व्हवाले पाहिजे. इतलीच ओल."

चाचीने हे सगळं लांबून ऐकलं. "लोके पाल मारतस, आनि आम्ही तिले घर बांधी देवानं," ती म्हणाली. पण परत जाताना पेटी मांडीवर घेऊन बसली ती तीच. चाचांनी पिल्लाचं नाव केसर ठेवलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. केसर वाढली, तिचं शेपूट भरलं. चाचा फोनवर तिच्या खोड्या सांगत. ते दिवसभर गावोगाव फिरत, त्यामुळे दाणापाणी चाचीकडे आलं होतं. आधी ती अळी चिमट्याने दुरूनच टाकायची. मग केसर तिच्या हातातून खाऊ लागली. दुपारी शेजारणी झोपल्या की चाची पेटीजवळ निवडायला तांदूळ घेऊन बसते आणि तिच्याशी बोलते, असं चाचांनी हसत हसत सांगितलं होतं.

मग एका उन्हाळ्यात भाग्येशला आपल्या पिवळ्या नराच्या पोटावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले. त्याने आधी दुर्लक्ष केलं. थोड्या दिवसांनी मानेवर दिसले, मग एका मादीच्या पापणीवर. वाचलेलं सगळं त्याला आठवलं. तरी तो कुणाला काही बोलला नाही. नुकतीच घातलेली अंडी उबवणीला ठेवलेली होती.

त्याच दिवसांत चाचांचा फोन आला.

"भाऊ, केसरनी कात अटकी ऱ्हायनी. डोयावर बारीक बारीक दाना शेतस, पांढरा. पोटवर बी शेतस."

भाग्येश तेव्हा खताच्या खोलीतच होता. समोरच्या पेटीत नर पोट टेकून पडला होता. त्याला काय झालंय हे भाग्येशला समजलं होतं, आणि केसर त्याचीच मुलगी होती.

"बोटंस्ना टोकले कात चिटकेल शे का?" त्याने विचारलं.

"शे थोडी."

"मंग ओल कमी पडी ऱ्हायनी. डबा सुका पडस व्हई."

"सुका? मी तं दिनभर बाहेर ऱ्हास. पानी नईमा टाकस."

"मंग चाचीले ईचारा. एक-दोन दिन बी कोरडं ऱ्हायनं ना, तं असं व्हस."

त्याचं बोलणं तसं खोटं नव्हतं. ओल कमी पडली की कात अडकते, हे खरंच आहे. पण चाचांनी दाण्यांबद्दल विचारलं होतं, आणि त्याने उत्तर कातीबद्दल दिलं होतं. फोन ठेवल्यावर त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

चाचांचे आणखी दोन-तीन फोन आले. दर वेळी भाग्येशने ओलीचाच काही ना काही उपाय सांगितला. कोकोपीट बदला. डबा गरम बाजूला सरकवा. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. चाचांनी सगळं केलं. बोटांची कात सुटली, दाणे मात्र वाढत गेले. केसर खाईनाशी झाली, शेपूट वातीसारखं बारीक झालं, आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास ती मेली.

चाचांनी फोन करून सांगितलं. नंतर म्हणाले, "भाऊ, तू इतली चांगली वस्तू दिन्ही, आमले संभाळता नही उनी. माफ कर."

"जाऊ द्या चाचा. दुसरी देस तुमले."

"नको. आमना घरमां नको आते."

त्या माफीने भाग्येश हलला. तो नराला घेऊन सुरतच्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासला. ज्या पेशींमुळे या रंगाला पांढरी चमक येते त्याच पेशी आवर सुटून वाढतायत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे रंग वेगळा आणि रोग वेगळा असं काही नव्हतंच. जी चमक बघून लोक हरखत होते तीच आत वाढत होती. कितीही नीट ठेवा, कितीही ओल द्या, तिच्यापुढे इलाज नव्हता.

परत आल्यावर त्याने उबवणीतली अंडी नासवली, आणि पिवळ्यांची जोडी पुन्हा लावायची नाही असं ठरवलं. पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं: माझ्याकडून नेलेल्या पिवळ्यांना हे होऊ शकतं, मला आधी ठाऊक होतं, मी मानलं नाही. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी जनावरं परत आणून दिली. ती त्याने ठेवून घेतली. हे सगळं त्याला जमलं, कारण ती माणसं कधी त्याच्या अंगणात बसली नव्हती. चाचांना मात्र त्याने फोन केला नाही. केसर मेलीच आहे, आता सांगून म्हाताऱ्याला पुन्हा दुखवायचं कशाला, असं तो मनाशी म्हणायचा.

हिवाळ्यात चाचा आले ते एकटेच.

भाग्येश अंगणाला लागून असलेल्या शेडमध्ये रोपांच्या ट्रेवर पाणी मारत होता. जाळीपलीकडचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"नईमा नही उनी यंदा?" आईने विचारलं.

"नही उनी, वयनी."

"दुखस का काही?"

चाचांनी हातातला टाका पुरा केला. मग सुई गादीत खोचून ठेवली.

"आमना घरमां बोलनं ऱ्हायनं नही आते. ती पाल मरी गयी ना, तिना येळले मी नईमाले सांगं, तू पानी टाकाले भुलनी. ती सांगे, रोज टाकं. मी मानं नही. तिनी रिम्शानी शप्पथ लिधी. मी म्हनं, पोरनी शप्पथ लिसन बी झूठी बोलस."

"अरे देवा," आई म्हणाली. "एक पालनापायी?"

"पालनापायी नही, वयनी. मन्हा बोलनापायी. आते मी काही ईचारं ना, दायमां मीठ टाकं का, दार लायं का, तं ती एकच सांगस. तुम्हीच देखी ल्या. झगडा नही, रडनं नही. फक्त तितलंच. देखी ल्या."

भाग्येशच्या हातातला पाइप एकाच ट्रेवर धरलेला राहिला आणि रोपं पाण्यात आडवी झाली. चाचीला विचारा, हे त्यानेच तर सांगितलं होतं. त्याला तेव्हाच बाहेर जायचं होतं. तो बाहेर गेलाही. चाचांनी वर बघून "बठ भाऊ" म्हटलं. तो बसला. आईने चहा आणला. चाचांनी पपईचा भाव विचारला आणि भाग्येशने पपईचा भाव सांगितला. संध्याकाळी चाचा सायकल घेऊन शहाद्याकडे निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि तिथेही बोलला नाही.

आईला सांगितलं ते नंतर, रोट्या खाताना. तिने हातातली रोटी ताटात ठेवली. मग म्हणाली, "ती बाई मन्हा शेजारे बठीसन शेंगा फोडे. तिना हात मी देखेल शे. ती भुलनारी नही, हाई मी बी सांगी टाकतू. तू मले बी ईचारं नही." नानांनी ताट बाजूला सारलं. "अक्कलकुवाले जाय," एवढंच ते म्हणाले.

तरी जायला होळी जवळ आली. डोंगरातल्या काठी गावच्या मोठ्या होळीला निघालेल्या माणसांनी अक्कलकुव्याचा बाजार भरून गेला होता. डोंगरातली माणसं घुंगरं, आरसे, रंगीत कापडं घेत होती आणि हायवेवरचे ट्रक तासन्‌तास अडकले होते. भाग्येशने टेम्पो पेट्रोल पंपाशी लावला आणि गर्दीतून चाचांच्या गल्लीत शिरला.

दार चाचीने उघडलं. "ये," म्हणाली, पाणी दिलं, आईची खुशाली विचारली. चाचा आतल्या खोलीत उशांच्या खोळी शिवत होते, ते बाहेर आले. भाग्येश ओट्यावर बसला आणि चहा मांडायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली. थांबलो तर पुन्हा पपईचा भाव निघेल, अशी त्याला भीती होती.

"चाचा, केसर पानीवाचून नही मरनी. तिना रंगमांच रोग व्हता. तिना बापले बी तोच व्हता. तुम्ही फोन करा तवय मले माहीत व्हतं. मी सांगं नही. मी ओलनं नाव करं. चाचीनी काही चूक नही."

चाचा त्याच्याकडे बघत राहिले.

चाची आधी बोलली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "मी दररोज मूठमां दाबी देखू. थेंब पडाले नको, हात ओला व्हवाले पाहिजे. तूच शिकाडं व्हतं ना?"

"हा, चाची."

"मन्हा मानूसनी चाळीस वरीसमां मले कधी झूठी म्हनी नही. तुन्हा एक फोनवर म्हनी दी."

भाग्येशने मान खाली घातली. माफी मागायची म्हणून तो आला होता, पण तो शब्द आता त्याला फार किरकोळ वाटू लागला. तरी त्याने तो उच्चारला. चाचीने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याला कळलं नाही.

चाचा भिंतीला टेकले. "केसरना डबामां टाकाना पानीनी बाटलीवर मी तवय कोळसाना निशान करू," ते हळूच म्हणाले. भाग्येशकडे बघून नव्हे, चाचीकडेही नव्हे. "सकायले जाताना निशान करू. संध्याकायले देखू, पानी कितलं कमी व्हयनं. कमी व्हये. रोज कमी व्हये. तं मी समजू, बाहेर ओती दिन्हं व्हई."

"माहीत व्हतं मले," चाची म्हणाली. "कोळसा पुसाले बी मीच पुसू."

बाहेर बाजाराचा ढोल वाजत होता. मग चाचा उठले, मी चहा मांडस म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले.

"साखर कोठे शे?" त्यांनी आतून विचारलं.

"देखी ल्या," चाची म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. ती दचकली, पदर सारखा करत उठली आणि आत जाऊन साखरेचा डबा काढून दिला. चहा तिघांनी खाली बघून घेतला.

निघताना चाचा गल्लीच्या तोंडापर्यंत आले. गर्दीत थांबून त्यांनी भाग्येशच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला लहानपणापासून ओळखीचा होता.

"तुन्हं बोलनं मी खरं समजनू, भाऊ," ते म्हणाले. "तिन्हं काबर नही समजनू, हाई मले कोन सांगी?"

चाचा वळून गर्दीत गेले.

तो हलकं होऊन परतेल असं आईला वाटलं होतं. तसं झालं नाही. आपण सांगितलं म्हणून चाचीच्या माथ्यावरचा आळ उतरला, हे खरं. पण तो उतरून कुठे गेला, तर चाचांच्या माथ्यावर. बायको खोटं बोलली असं समजून चाचा इतके दिवस निदान रागावू तरी शकत होते. आता तेही गेलं. भाग्येशने त्या पहिल्या फोनवरच खरं सांगितलं असतं तर घरात एक आजारी पाल असती आणि तिची काळजी घेणारी दोन माणसं असती. ती मेलीच असती. दोघं मिळून हळहळली असती, एवढंच.

पुढे पावसाळ्यात शहाद्याला नईमाचाचीच्या भाच्याचं लग्न झालं, तिथे प्रमिलाबाईंना ती भेटली. दोघी जेवणाच्या मांडवात शेजारी बसल्या. चाचांनी तिला अंकलेश्वरला लेकीकडे नेलं होतं. तिथे रिम्शासमोर त्यांनी आपणहून सगळं सांगितलं आणि कान धरले. रिम्शा खूप रडली म्हणे. "आते बोलतस आम्ही," चाची म्हणाली. "पहिलेसारखं नही, पन बोलतस."

मग तिने प्रमिलाबाईंचा हात हातात घेतला.

"बाई, एक सांगू? भाग्येशले सांगजा, मन्हा मनमां काही नही. पन घर नको येवाले सांगा. तो दिसना ना, तं यास्नं तोंड उतरी जास. मंग दोन-तीन दिन जेवतस नही बरोबर."

आईने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. भाग्येशने ऐकून घेतलं. त्या हिवाळ्यात शहाद्याहून चाचांचा मेव्हणा आला आणि त्याने काम करून दिलं. टाके चांगले होते. पैसे घेऊन लगेच गेला, चहालाही थांबला नाही.

खताच्या खोलीत आता थोड्या साध्या ठिपक्यांच्या गेको आहेत आणि परत आलेल्यांपैकी दोन पिवळ्या. मधल्या काळात लग्न होऊन आलेली भाग्येशची बायको स्वप्नाली त्यांना अळ्या घालते. जोडी कुणाचीच लावत नाहीत. अजून कधीमधी एखाद्या पोराचा फोन येतो, लेमन आहे का म्हणून. भाग्येश त्याला सगळं सांगतो, पहिल्यापासून. पोरं बहुधा मध्येच फोन ठेवतात.

अक्कलकुव्याला त्याची रोपं अजून जातात. पोचवायला तो स्वतःच जातो. पेट्रोल पंप ओलांडला की ती गल्ली लागते. तो तिकडे बघतो. एकदा चाचा त्याला वळणावर दिसले होते, पाठीवर कापसाचं गाठोडं, मागे चाची पिशवी घेऊन चाललेली. दोघं काहीतरी बोलत होते. त्याने टेम्पोचा वेग कमी केला नाही.